रोमन माणसं बसायची कशावर?

नेपल्सला जाऊन आलेल्यांची वर्णनं वाचली की क्रम ठरलेला असतो: पॉम्पेईचे रस्ते, भिंतींवरची चित्रं, पोकळ्यांत प्लास्टर ओतून घेतलेले मृतांचे ठसे आणि पिझ्झा. आमची सहल जरा वाकड्या वाटेने गेली, कारण सोबत मामा होते. मामांनी सांगलीत उभं आयुष्य फर्निचरचा कारखाना चालवला. देवळात नेलं तरी ते आधी दाराची चौकट बघतात, मग देव. सहलीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "लाकूड बघायला मिळणार असेल तर येतो. दगड काय, आपल्याकडेही आहेत." मग मी रोमन घरातल्या सामानाचाच माग काढायचं ठरवलं. दोन हजार वर्षांपूर्वीची खाट, टेबल, कपाट कुठे बघायला मिळेल असं शोधलं की उत्तर फिरून फिरून व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशीच येतं.

रविवार : नेपल्स

ऑक्टोबरचा शेवट, दुपारी पोचलो तेव्हा पाऊस. उतरलो होतो त्या घराला लिफ्ट नव्हती, चौथा मजला. घरमालकीण बाईंनी मामांची बॅग त्यांच्या हातातून हिसकावून घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हातारा माणूस, तरुण भाची, असा हिशोब त्यांनी डोळ्यांनीच मांडून दाखवला.

मामा शाकाहारी आणि चीजचं वावडं. नेपल्समध्ये याची काळजी करू नका, मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, संपलं. फ्रिआरिएल्ली नावाची एक कडसर पालेभाजी लसणाच्या फोडणीत मिळते, ती मामांनी रोज संध्याकाळी खाल्ली. चीज चालणाऱ्यांनी सकाळी स्फोल्यातेल्ला, म्हणजे आत रिकोट्टा चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, खायची, पण गरम मिळाली तरच. गार झाली की चिवट होते.

सोमवार : एर्कोलानो

एर्कोलानो म्हणजे जुनं हर्क्युलेनियम. नेपल्सच्या गॅरिबाल्डी स्टेशनवरून चिरकुमवेसुवियाना ही लोकल पकडायची, एर्कोलानो स्कावीला उतरायचं आणि समुद्राकडे सरळ उतार चालत जायचं, दहा मिनिटं. गाडीत गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

पॉम्पेईच्या आधी इथे यायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. इ.स. 79 च्या उद्रेकात पॉम्पेईवर आधी हलक्या दगडांचा आणि राखेचा वर्षाव झाला. हर्क्युलेनियमवर मात्र तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट एकामागून एक आले आणि गाव सुमारे 20 मीटर खोल गाडलं गेलं. त्या उष्णतेत लाकडाचा कोळसा झाला, पण हवा न मिळाल्याने ते जळून राख झालं नाही. वर थर घट्ट बसले. त्यामुळे इथे तुळया, जिने, दारं, खाटा, कपाटं चक्क लाकडाच्या रूपात हाती लागली. पॉम्पेईत लाकूड कुजून गेलं आणि राखेत त्याची पोकळी तेवढी उरली.

हे मामांना गाडीत सांगितलं होतं, तरी पहिल्या दुकानापाशी ते थबकलेच. समुद्रदेव नेपच्यून आणि त्याची बायको अँफिट्राइट यांच्या मोझॅइकसाठी प्रसिद्ध असलेलं घर आहे, त्याला लागून हे दुकान. भिंतीला लाकडी मांडणी, तीवर आडव्या ठेवलेल्या मातीच्या सुरया, वर पोटमाळ्याचा कठडा. सगळं काळंकुट्ट, पण फळी ती फळीच. मामा म्हणाले, "हे अजून भाड्याने देता येईल."

पुढे 'लाकडी पडद्याचं घर'. रोमन घरात मधोमध उघडा चौक असतो, त्याला एट्रियम म्हणतात, आणि त्याच्या पलीकडे मालकाची बैठकीची खोली. या घरात त्या दोन्हींच्या मध्ये दुमडता येणारी लाकडी दारं लावलेली आहेत. मधला भाग गेला; 18 व्या शतकात नेपल्सच्या बोर्बन राजांच्या माणसांनी खजिन्यासाठी भुयारं खणली त्यात तो तुटला. दोन बाजूंचे भाग काचेमागे उभे आहेत, दिवे अडकवायच्या कांस्याच्या आधारांसकट. दारांना चौकट आणि आत बसवलेली पॅनेल्स, म्हणजे आजही सुतार करतो तेच. पॅनेल चौकटीत मोकळं ठेवायचं, म्हणजे दमट हवेत लाकूड फुगलं तरी दार तडकत नाही. मामा गुडघ्यावर बसले आणि काचेला नाक लावलं.

तिथला रखवालदार लगेच आला. मला वाटलं आता ओरडा बसणार. त्याने मामांच्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून 'सांधा' असं दाखवलं. मामांनी मान हलवली आणि अंगठ्याने तर्जनीत खाच दाखवली. फोनवरच्या भाषांतराने कळलं की त्याचे वडील सुतार होते. मग पाऊण तास मला कोणी विचारलं नाही. दोघं त्या दारापुढे उभे राहून हवेत रंधा मारत होते.

त्याच्यामुळेच आम्ही इतर घरांत काय बघायचं ते शिकलो. एका घरातल्या लाकडी देव्हाऱ्यामुळे त्या घरालाच देव्हाऱ्याचं नाव पडलंय. खाली कपाट, वर छोटंसं देऊळ, त्याला कॉरिंथियन खांब. पैसा नसलेल्यांची वस्ती कशी होती ते 'ग्रातिच्चो' घरात कळतं. लाकडी चौकटीत दगडमाती भरून उभ्या केलेल्या स्वस्तातल्या भिंती, वर भाड्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांत खाटा सापडल्या. याच गावात सापडलेला एक पाळणा आहे, खाली वक्र पट्ट्या लावलेला, म्हणजे जमिनीवरच झुलणारा. त्यात बाळाची हाडं होती. ते वाचल्यावर मामा म्हणाले, "हे आता नको सांगूस," आणि पुढे चालायला लागले.

दुपारी धो धो पाऊस आला. पळत एका ओसरीखाली शिरलो. शेजारी एक जर्मन जोडपं होतं, त्यांनी थर्मासमधली कॉफी दिली, आम्ही चिवडा दिला. चिवड्यातले शेंगदाणे निवडून खाणारे लोक जगभर आहेत.

सूचना एवढीच: हर्क्युलेनियम लहान आहे, तीन तासांत होतं असं सगळे सांगतात, पण लाकूड बघायचं असेल तर पाच तास ठेवा. कुठलं घर कधी दुरुस्तीसाठी बंद असेल याचा नेम नाही. दारातच त्या दिवशी उघडी असलेली घरं विचारून घ्या.

मंगळवार : पॉम्पेई

नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. बरेच लोक हे विसरतात आणि दारातून परततात. म्हणून मंगळवार पॉम्पेईला. नोव्हेंबर 2024 पासून इथे दिवसाला 20,000 लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवाच. बूट जाड तळाचे घाला; रस्त्याचे दगड मोठे आणि पावसानंतर निसरडे.

हर्क्युलेनियम डोळ्यांत असताना पॉम्पेईच्या खोल्या एकदम रिकाम्या वाटतात. मामा चिडलेच. "एवढी घरं, आणि एक स्टूल नाही?" पण मग त्यांनीच पत्ता लावला, जमिनीवरून. जेवणाच्या खोलीत मधला चौकोन नक्षीचा आणि तीन बाजूंना साधी फरशी. म्हणजे नक्षी जिथे नाही तिथे पलंग होते. झोपायच्या खोलीतही तेच: एका टोकाला मोझॅइकची नक्षी बदलते, काही ठिकाणी भिंतीत खाच आहे, पलंगाचं टोक आत सरकवायला. सामान गेलं पण जमिनीने त्याची जागा राखून ठेवली.

जेवणाची पद्धत अशी. तीन पलंग, तीन बाजूंना. चौथी बाजू वाढणाऱ्यांसाठी मोकळी. प्रत्येक पलंगावर तीन माणसं, डाव्या कोपरावर रेलून, उजव्या हाताने खाणार. मध्ये छोटं टेबल. जेवणाचा पहिला भाग संपला की पदार्थांबरोबर टेबलही उचलून नेत आणि दुसरं आणून ठेवत. बागेतले पलंग दगडविटांचे बांधलेले असत, 'एफेबेच्या घरा'त मांडवाखाली असे आहेत, त्यांवर गाद्या टाकायच्या. दुसऱ्या एका घरात जेवणाच्या जागेच्या भिंतींवर पाहुण्यांसाठी नियमच रंगवलेले होते: पाय धुवून घ्या, नोकर पुसून देईल, गादीवर रुमाल पसरा, आमची चादर खराब करू नका, दुसऱ्याच्या बायकोकडे लाडिक नजरेने बघू नका, भांडायचं असेल तर आपापल्या घरी जा. यजमानाचा अनुभव दांडगा असणार.

सार्वजनिक फर्निचर बघायचं असेल तर फोरमच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळच्या, स्नानगृहात जा. तिथल्या कोमट खोलीत कांस्याची भलीमोठी शेगडी आणि बाकं आहेत. निगिडियस व्हाक्कुला नावाच्या गृहस्थाने ती दिली, आणि आपलं नाव त्यांवर टाकायला तो विसरला नाही. आपल्याकडे देवळाबाहेरच्या बाकावर '... यांच्या स्मरणार्थ' असतं तसंच, फरक एवढाच की हा देताना जिवंत होता.

'वेत्ती'च्या घरात, जे 2023 मध्ये पुन्हा उघडलं, चौकात लोखंड-कांस्याची तिजोरी आहे. ती आत खोलीत लपवलेली नाही, सकाळी भेटीला येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसावी अशी ठेवलेली. आणि कास्का लाँगस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरात संगमरवरी टेबलाचे पाय सापडले, सिंहाच्या तोंडांचे, त्यांवर पुब्लिअस कास्का लाँगस हे नाव कोरलेलं. हा कास्का म्हणजे इ.स.पू. 44 मध्ये सीझरवर पहिला वार करणारा. कटवाल्यांची मालमत्ता जप्त होऊन लिलावात निघाली आणि फिरत फिरत हे टेबल पॉम्पेईत आलं असावं, असा अंदाज बांधला जातो. घराचं फाटक बंद होतं, आम्ही दारातून दिसलं तेवढं बघितलं. मामांना कास्काशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी तीन पायांचं कारण सांगितलं: दगडी किंवा मोझॅइकची जमीन कधीच सपाट नसते, चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन पायांचं नाही. भिंतीवरच्या मेजवानीच्या चित्रांतही टेबलं तीन पायांचीच दिसतात, पाय जनावरांच्या पायांसारखे वाकलेले.

दुपारी एका कट्ट्यावर संत्री आणि ताराल्ली, म्हणजे मिरी घातलेली खुसखुशीत कडी, खात बसलो. मी फोनवर मामांना दोन जागांचे फोटो दाखवले, कारण तिथे आम्हाला जाता आलं नाही. पहिली 'लारारियमचं', म्हणजे देव्हाऱ्याचं, 'घर'; 2022 मध्ये इथल्या खोल्यांतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून सामान परत उभं केलं. 1863 मध्ये इथले उत्खननप्रमुख फियोरेल्ली यांनी माणसांच्या पोकळ्यांसाठी जी युक्ती वापरली, तीच. झाकण उघडी राहिलेली पेटी, कपाट, पलंग, आणि तीन पायांचं छोटं टेबल, त्यावर वाडगा, त्यात काचेच्या दोन कुप्या. मध्यमवर्गीय घर, अर्धं नीटनेटकं, अर्धं अडगळीचं.

दुसरी जागा शहराबाहेरची, चिविता जुलियाना. एका मोठ्या बंगल्याच्या आवारात 2021 मध्ये 16 चौरस मीटरची एक खोली सापडली. तीन खाटा. ओबडधोबड फळ्यांच्या चौकटी, त्यांवर दोरीने विणलेलं जाळं, वर घोंगडी. दोन खाटा 1.70 मीटर लांब, तिसरी 1.40, बहुधा मुलाची. भिंतींना रंग नाही, उंचावर छोटी खिडकी, कोपऱ्यात सुरया, खाटांखाली किंवा जवळ लघवीची भांडी. गुलामांची खोली. 2023 मध्ये शेजारच्या खोलीत सुरईत आणि घड्यात मेलेले उंदीर सापडले.

मामांनी फोन हातात घेऊन दोरीची वीण मोठी करून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "त्या जेवणाच्या खोलीतली टेबलं कोण उचलून नेत होतं, ते झोपायचे इथे."

मला हे आधी सुचलं नव्हतं. रोमन घरात सामान कमी होतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कमी होतं कारण ते सारखं हलवलं जाई, आणि हलवायला माणसं होती. तेच टेबल या खोलीत, संध्याकाळी बागेत, हिवाळ्यात शेगडी मालकाच्या मागे मागे. आपण संग्रहालयात पाय बघतो, नक्षी बघतो. उचलणारे हात त्यात कुठे नाहीत.

बुधवार : संग्रहालय

पुरातत्त्व संग्रहालयात जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर कुठली दालनं बंद आहेत ते बघा. दालनं पाळीपाळीने बंद असतात. दुपारनंतर शाळांच्या सहली निघून जातात, तेव्हा शांतता असते.

मामांना काल न मिळालेलं इथे सगळं मिळालं. पलंगांची कांस्याची टोकं, जिथे डोकं किंवा कोपर टेकायचं: त्यांवर घोड्याची आणि खेचराची डोकी, एवढी जिवंत की खेचराच्या कानातले केसही कोरलेले. पाय कातीव, मणी एकावर एक रचल्यासारखे. कपाटांच्या बिजागऱ्या हाडाच्या असत. पोकळ नळकांडी, त्यांना भोकं, आत लाकडी खुंटी. पूर्वी अशी नळकांडी सापडली की लोकांना त्या बासऱ्या वाटत. मामा ते ऐकून एवढे हसले की पहारेकरी बघायला आला.

'एफेबेच्या घरा'तलं नग्न तरुणाचं कांस्य शिल्पही इथे आहे. मुळात शिल्प, पण घरमालकाने त्याला दिवे धरायचं काम दिलं. त्याच घरातली चार छोटी म्हातारी माणसं हातात चांदीची तबकं घेऊन ओरडत उभी आहेत, खाऊ विकणाऱ्यांसारखी. मेजवानीत त्या तबकांत पदार्थ ठेवायचे. काल मामा जे बोलले त्यानंतर मला ही म्हातारी गंमतशीर वाटेनात.

लाकडाच्या किमतीची गोष्टही इथेच सांगते. उत्तर आफ्रिकेतल्या एका झाडाच्या गाठीपासून केलेली गोल टेबलं रोमन श्रीमंतांना वेड लावत. लाकडाच्या रेषा वाघाच्या पट्ट्यांसारख्या की बिबट्याच्या ठिपक्यांसारख्या, यावर भाव. याच उद्रेकात मेलेला थोरला प्लिनी लिहितो की सिसेरोने एका टेबलाला 5,00,000 सेस्टर्स दिले. पहिल्या शतकात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स होता. आणि साधं राहावं असा उपदेश करणाऱ्या सेनेकाकडे हस्तिदंती पायांची अशी 500 टेबलं होती, असं इतिहासकार कॅसियस डियो सांगतो. मामा म्हणाले, "गाठीचं लाकूड सुंदर असतं, पण कापताना करवत खातं. मजुरी लावली असेल बरोबर."

हस्तिदंताचा विषय निघाला तो बरोबर जागी, कारण पुढचं दालन म्हणजे 'गुप्त कक्ष'. बहुतेक लोक तिथे अश्लील शिल्पं बघायला जातात. आम्ही गेलो एका साधारण 25 सेंटिमीटरच्या हस्तिदंती बाईसाठी. 1938 मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात ती पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना सापडली, तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. अंगावर दागिने, हात डोक्यामागे, दोन बाजूंना दोन दासी. ती भारतातून आली यात वाद नाही. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे ती एकटी उभी राहायला केलेली नाही. ती कशाचा तरी आधार होती, टेबलाचा पाय किंवा तत्सम. मामा काचेभोवती फिरले, वाकले, आणि निकाल दिला: "पाय. आरशाची मूठ असती तर पाठ एवढी कोण कोरतं? चहूबाजूंनी दिसायची होती म्हणून सगळीकडे काम केलंय."

पंडितांचं यावर एकमत नाही, मूठ म्हणणारेही आहेत. मी मामांच्या बाजूने.

आता आपल्याकडचा भाग. हिच्या जवळच्या बहिणी सापडल्या त्या महाराष्ट्रात: तेर आणि भोकरदन. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या जुन्या ग्रीक वर्णनातलं तगर, जिथून माल भडोचच्या बंदरावर जायचा. मूर्तीच्या तळावर खरोष्ठी या वायव्य भारतातल्या लिपीतलं अक्षर असल्याने काही जण वायव्येकडे बोट दाखवतात. पण त्या दालनात, पुढे एक फ्रेंच गट खुसुखुसू हसत असताना, मराठवाड्याचं नाव इंग्रजी पाटीवर नसलं तरी आम्ही दोघं मोठ्याने बोललो.

परत आल्यावर : तेर

नेपल्सचा शेवटचा दिवस लिंबाचा ग्रनिता, कपडे आणि विमानतळ यात गेला, त्याचं सांगण्यासारखं काही नाही. जानेवारीत मामांनी फोन केला, "तेरला कधी जायचं?" धाराशिवहून गाडीने पाऊण-एक तास. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय छोटं आहे, आणि मोठा भाग एका हौशी माणसाने आयुष्यभर शेतांतून, पांढरीच्या टेकाडांतून जमवलेल्या वस्तूंचा. हस्तिदंती मूर्ती तिथेच आहे. भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू, नाणी, सगळं बघायला दोन तास पुरतात. त्रिविक्रम मंदिर आणि गोरोबाकाकांची समाधी जवळच, दोन्ही करून घ्या. जेवण आधी ठरवून ठेवा. आम्हाला एका घरी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पिठलं मिळालं ते ओळखीमुळे.

संग्रहालयातून निघताना मामांनी तिथल्या कर्मचाऱ्याला पॉम्पेईच्या बाईचा फोनमधला फोटो दाखवला आणि भोकाचा व्यास विचारला. तो म्हणाला, "साहेब, मोजून बघायची परवानगी काढावी लागेल." मामांनी अर्ज कुणाच्या नावे करायचा ते लिहून घेतलं आहे.